‘शाळेबाहेर घडलं’ या सबबीचं काय करायचं?

वर्गात जांभई देताना एका मुलाचा फोटो निघतो. मागच्या बाकावरचं कोणीतरी कडा कातरून त्याचा व्हॉट्सॲप स्टिकर करतं. अर्ध्या मिनिटाचं काम. ‘नववी ब ऑफिशियल’ ग्रुपवर वर्गशिक्षिका असतात, म्हणून तो तिथे पडत नाही. ‘नववी ब अनऑफिशियल’वर पडतो. रात्रीपर्यंत गृहपाठ काय, सामना कोण जिंकलं, उद्या कोण येणार, कशालाही उत्तर म्हणून तोच चेहरा. त्यात शिवी नाही, धमकी नाही, अश्लील काही नाही. कायद्याच्या पुस्तकात बोट ठेवायला नेमकी जागा सापडणार नाही, इतकी ही गोष्ट किरकोळ दिसते. आणि त्या मुलाचं नववीचं वर्ष तिथून पुढे नासत जातं.

घरी कळलं तर पुढचं सगळं जवळपास ठरलेलं असतं. पालक शाळेत जातात. मुख्याध्यापक म्हणतात, “ग्रुप मुलांचा आहे, शाळेचा नाही. शाळेच्या वेळेत घडलेलं नाही. सायबर सेलला जा.” सायबर सेलमध्ये विचारतात, “समोरचाही नववीतलाच? मग शाळेत मिटवा की!” दोन्हीकडून परत आलेले पालक मग त्यांच्या हातात असलेली एकच गोष्ट करतात. ज्याला त्रास होतोय त्याच मुलाचा फोन काढून घेतात.

या तिन्ही प्रतिक्रियांमधली सगळ्यात घातक तिसरी आहे, पण तिला जन्म देते पहिली. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: एका वर्गातल्या किंवा एका क्लासमधल्या मुलांमध्ये फोनवर चाललेला छळ हा आधी शाळेचा विषय आहे, मग पोलिसांचा. महाराष्ट्रात तसं म्हणायला कायद्याचा आधारही आहे, आणि तो नवा नाही.

आधी हा छळ चिडवाचिडवीपेक्षा वेगळा का, ते पाहू. ‘आम्हालाही चिडवायचे, आम्ही नाही मेलो’ असं म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी शाळेतल्या छळाच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हापुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंच्या बळात फरक असतो. फोनवर या तिन्ही खुणांचा आकार बदलतो. स्टिकर करणाऱ्याने तो एकदाच केलेला असतो. पुन्हापुन्हा वापरणारे बाकीचे चाळीस जण असतात, आणि त्यातला प्रत्येक जण ‘मी तर एकदाच टाकला’ असं खरंच सांगू शकतो. बळातला फरक दंडात नसून संख्येत असतो. फेक आयडी किंवा नाव न देता काहीही लिहून टाकायचं ‘कन्फेशन पेज’ असेल तर समोर कोण आहे हेच कळत नाही, आणि मग वर्गातला प्रत्येक चेहरा संशयाचा होतो. शिवाय बाकावरची चिडवाचिडवी घंटा झाली की संपायची. सायकल काढून घरी आलं की संपायची. आता ती उशाशी येते.

उशाशी येते हे शब्दशः. किशोरवयात शरीराचं घड्याळ मुळातच पुढे सरकलेलं असतं, झोप उशिरा येते. या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते आणि शाळा मात्र सकाळी सातची असू शकते. त्यात रात्री साडेअकराला ग्रुप पेटतो. फोन उघडला तर वाचावं लागतं, बंद ठेवला तर ‘आत्ता काय बोलत असतील’ हे डोक्यात फिरत राहतं, आणि दुसरी अवस्था अनेकदा पहिलीपेक्षा वाईट. अशी सलग पंधरा दिवस मोडलेली झोप पुढच्या सगळ्याची सुरुवात करते: लक्ष लागत नाही, पाठ केलेलं आठवत नाही, चिडचिड वाढते, चाचणीत गुण घसरतात. घसरलेल्या गुणांचं कारण घरी काय सांगितलं जातं? ‘फोन!’ तेही अर्धं खरंच असतं, म्हणून तर गोंधळ होतो.

पुढे अंग बोलायला लागतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं, सोमवारी सकाळी मळमळतं, सुट्टी लागली की सगळं थांबतं. डॉक्टरकडे तपासण्या होतात, अहवाल स्वच्छ येतात, मग ‘नाटक करतो’ असा शिक्का बसतो. पण ती वेदना खोटी नसते. डावललं जाण्याचा त्रास मेंदू कसा नोंदवतो यावर २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसं संगणकावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ खेळत होती आणि थोड्या वेळाने बाकीच्या दोन ‘खेळाडूंनी’ त्यांच्याकडे चेंडू टाकणंच बंद केलं. त्या वेळी मेंदूचा जो भाग उजळला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही जोडलेला आहे. अनोळखी लोकांनी, क्षुल्लक खेळात, काही मिनिटं वगळलं तर हे. वर्गातल्या सगळ्यांनी नवा ग्रुप काढून एकालाच बाहेर ठेवलं तर काय होत असेल? आणि ‘ग्रुपमधून काढणं’ हा छळ आहे हे अजून कुठल्या स्टाफरूममध्ये कोणी मान्य करत नाही.

आकडे हवेतच असतील तर युरोपचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०२४ मध्ये ४४ देश-प्रदेशांतल्या ११, १३ आणि १५ वर्षांच्या सुमारे २,७९,००० मुलांचा अहवाल दिला. त्यात साधारण सहापैकी एकाने ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं. मुलग्यांमध्ये हे प्रमाण २०१८ मधल्या १२ टक्क्यांवरून १५ वर गेलं होतं, मुलींमध्ये १३ वरून १६ वर. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या स्वॉन्सी विद्यापीठाच्या पुढाकाराने ३० देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं, की असा छळ सोसणाऱ्या २५ वर्षांखालच्या मुलांमध्ये स्वतःला इजा करून घेण्याचं आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आहे. छळ करणाऱ्यांमध्येही धोका वाढलेला होता. याचा अर्थ प्रत्येक स्टिकरमागे शोकांतिका आहे असा नाही. आधीच खचलेलं मूल टोळक्याला चटकन सापडतं, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे वेगळं काढणं अवघड असतं. पण दोन्ही दिशांनी निष्कर्ष एकच निघतो: ज्याच्यावर हसतात त्या मुलाची तब्येत तपासा, त्याचा ‘स्वभाव’ नाही.

काय पाहायचं? नोटिफिकेशन वाजल्यावर दचकणं, फोन उपडा ठेवणं, अकाउंट अचानक बंद करणं, क्लासची बॅच बदलून मागणं, सहलीचे पैसे भरायला नको म्हणणं, आवडत्या खेळाला जाणं बंद होणं. यातलं बरंचसं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर किंवा समुपदेशक. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं एक वाक्य जरी कानावर आलं तरी दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी, आणि तोवर मुलाला एकटं ठेवायचं नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ ही वाहिनीही आहे.

आता फोन काढून घेण्याबद्दल. पालकांचा हेतू चांगला असतो, पण मुलाच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. त्रास सांगितला की शिक्षा मलाच, आणि मित्रांशी असलेला उरलासुरला धागाही तुटणार. म्हणून मुलं सांगतच नाहीत. ‘घरी कळलं तर फोन जाईल’ ही भीती छळ करणाऱ्याच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार असते, आणि ते आपणच धार लावून देतो. घराघरांत एक वाक्य आधीच बोलून ठेवायला हवं, भांडण नसताना, जेवताना सहज: “काहीही झालं तरी सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही.” आणि मग तो शब्द पाळायचा. रात्री दहानंतर घरातल्या सगळ्यांचे फोन, बाबांचासुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला हा वेगळा नियम झाला. तो झोपेसाठी आहे, शिक्षा म्हणून नाही.

संतापाच्या भरात आणखी एक चूक होते. वडील फोन फॉरमॅट करतात किंवा ॲप उडवतात. पुरावा तिथेच संपतो. पुढे प्रकरण खरंच पोलिसांत गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यासाठी मूळ फोन, मूळ चॅट जागेवर असणं फार मोलाचं. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला जवळपास दोन दिवसांपर्यंत ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करता येतं, इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत नाहीशी होते. तेव्हा पहिल्याच तासात स्क्रीनशॉट घ्यायचे, तेही नीट: तारीख-वेळ दिसेल असे, मागचे-पुढचे मेसेज दिसतील असे, आणि दिसणारं नाव नव्हे तर खालचं यूजरनेम आणि प्रोफाइलची लिंक टिपलेली. दिसणारं नाव क्षणात बदलतं. ‘एकदाच पाहा’ असा फोटो असेल तर व्हॉट्सॲप स्क्रीनशॉट घेऊ देत नाही, दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढावा लागतो. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवायची. हे सगळं झाल्यावर रिपोर्ट, आणि त्यानंतर ब्लॉक. उलट क्रमाने केलं तर हाती काही राहत नाही. इन्स्टाग्रामवर वर्गातल्याच मुलाला ब्लॉक केलं की ‘मला ब्लॉक केलं बघा’ म्हणून नवा तमाशा होतो. तिथे ‘रिस्ट्रिक्ट’ जास्त उपयोगी. त्याच्या कमेंट त्याला स्वतःला दिसतात, बाकीच्यांना नाही, आणि त्याला सूचनाही जात नाही.

एक अपवाद कडक पाळायचा. अल्पवयीन मुला-मुलीचा नग्न किंवा लैंगिक फोटो असेल, खरा असो वा बनवलेला, तर स्क्रीनशॉट घ्यायचा नाही, पुरावा म्हणून वर्गशिक्षिकेला पाठवायचा नाही, कोणालाच पुढे पाठवायचा नाही. असं साहित्य जवळ ठेवणं आणि पसरवणं मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब यांखाली गुन्हा ठरू शकतं, हेतू कितीही शुद्ध असला तरी. लिंक, यूजरनेम, वेळ कागदावर लिहायची आणि मूळ फोन घेऊन थेट पोलीस ठाण्यात जायचं.

इथे पोलिसांची जागा निर्विवाद आहे: लैंगिक फोटो, त्यावरून पैसे किंवा भेटीची मागणी, जिवाची धमकी, नको म्हटल्यावरही मुलीचा सतत पाठलाग, जातीवरून अपमान. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. पॉक्सोतला गुन्हा शिक्षकाला कळला आणि त्याने पोलिसांना कळवलं नाही, तर कलम २१ प्रमाणे तो शिक्षकच सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेला पात्र ठरतो. ‘शाळेची बदनामी नको’ हे उत्तर तिथे चालत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न, लैंगिक किंवा कृत्रिमरीत्या जोडलेली चित्रं तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं; फेब्रुवारी २०२६ मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली गेली. अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखाली काढलेल्या अशा फोटोंसाठी आहे. फोटो कुठेही अपलोड होत नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ओळखून फोटो अडवतात. मात्र कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) चॅटच्या आत ती पोहोचत नाही.

जांभईचा स्टिकर मात्र यातल्या कुठल्याच खणात बसत नाही, आणि शाळकरी मुलांमधला बहुतांश छळ असाच असतो. शिवाय समोरचंही मूल आहे. बाल न्याय कायद्याखालच्या नियमांनुसार अल्पवयीनाविरुद्ध एफआयआर नोंदवला जातो तो अतिगंभीर गुन्ह्यात किंवा सोबत प्रौढ आरोपी असतील तरच; एरवी पोलीस दैनंदिनीत नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. म्हणजे ‘एफआयआर घेत नाहीत’ म्हणून पोलीस ठाण्यात भांडणारे पालक बरेचदा कायद्यात नसलेली गोष्ट मागत असतात. चौदा वर्षांच्या मुलाला गुन्हेगार करून प्रश्न सुटत नाही, हे कायद्यालाही कळतं. मग तो सोडवायचा कोणी?

१९९९ चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा काढून वाचावा. रॅगिंग म्हटलं की वैद्यकीय महाविद्यालयाचं वसतिगृह डोळ्यांसमोर येतं, पण या कायद्याची व्याख्या फार रुंद आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा ओशाळलेपण वाटेल असं कुठलंही कृत्य त्यात येतं, चिडवणंसुद्धा. करणारा वरच्या वर्गातला असावा अशी अट नाही. शिक्षणसंस्थेच्या आत ‘किंवा बाहेर’ ते निषिद्ध आहे. आणि संस्थेच्या व्याख्येत शिकवणी वर्गही येतात, म्हणजे रोज संध्याकाळी मुलं जिथे असतात ते क्लासवालेही. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य नसेल तर तसं लेखी कळवायचं. तथ्य असेल तर निलंबन आणि तक्रार पोलिसांकडे. टाळाटाळ केली तर प्रमुखावरच चिथावणीचा ठपका. कायदा झाला तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, पण ‘कुठलंही कृत्य’ या शब्दांत ते सहज मावतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर २०२५ मध्ये कनिष्ठांना छळण्यासाठी काढलेले अनौपचारिक व्हॉट्सॲप ग्रुप हे रॅगिंगच समजावं असं उच्च शिक्षणसंस्थांना बजावलं. शाळांना असं कोणी स्पष्ट सांगितलं तर ‘शाळेबाहेर घडलं’ या वाक्याचा आधारच निघून जाईल. शिक्षण विभागाचं एक परिपत्रक एवढंच लागतं.

या कायद्यातली निलंबनाची तरतूद आम्हाला बोथट वाटते, हेही सांगायला हवं. निलंबित मुलगा दिवसभर घरी फोनसह बसतो आणि सूड घ्यायला त्याला भरपूर वेळ मिळतो. आठवीपर्यंत तर शिक्षणहक्क कायदा कोणालाही शाळेतून काढू देत नाही. खरी किंमत आहे ती सात दिवसांच्या मुदतीला आणि लेखी उत्तराला. पालकांनी तोंडी बोलून परत येऊ नये. एका पानाचा अर्ज द्यावा, प्रत्येक घटनेची तारीख-वेळ लिहावी, अर्जात या कायद्याचं नाव घालावं, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. भेटीपेक्षा शिक्का जास्त काम करतो.

सात दिवसांत शाळेने करायचं काय? बहुतेक शाळा दोन गोष्टी करतात आणि दोन्हींनी नुकसान होतं. एक, दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा, सॉरी म्हण’. ज्याच्या मागे चाळीस जण आहेत तो हसत सॉरी म्हणतो आणि संध्याकाळी त्या सॉरीचाही स्टिकर होतो. दुसरं, परिपाठाच्या वेळी मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण. नाव घेतलं नाही तरी सगळ्या माना एकाच दिशेला वळतात.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘कीवा’ हा कार्यक्रम या बाबतीत शिकण्यासारखा आहे. त्यामागचं संशोधन सांगतं, की छळ करणारा एकटा नसतो. साथ देणारे असतात, हसून दाद देणारे असतात, गप्प बघणारे असतात आणि थोडे बचावाला येणारे. दाद आटली की छळाचा मोबदलाच जातो. म्हणून तिथे शिक्षक आधी त्रास झालेल्या मुलाशी एकट्याने बोलतात, मग करणाऱ्यांशी, तेही आधी एकेकट्याने. त्याच वेळी वर्गात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा दोन-चार मुलांना विश्वासात घेऊन या मुलासोबत राहायला सांगतात. नंतर ठरवून पाठपुरावा होतो. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ पासून शासन निर्णयाने शाळाशाळांत आहे. अनेक ठिकाणी ती भिंतीवरच्या फलकापुरती उरली असली, तरी हे काम सोपवायला नवी समिती काढायची गरज नाही.

शिक्षकांच्या बाजूचा आक्षेप खरा आहे. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोर्टलवरची माहिती, त्यात आता मुलांच्या ग्रुपची हमालीही? शिवाय ग्रुपमध्ये असलो तर आपणच अडकू ही भीती. ती निराधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. आणि मुलांचे ग्रुप वाचत बसा असं कोणीच म्हणत नाही. तक्रार आल्यावर सात दिवस, एवढंच मागणं आहे. दुसरा आक्षेप अभिव्यक्तीचा. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला होता ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. ‘त्रासदायक’ मजकुराला तुरुंग दाखवणारा कायदा शेवटी कोणावर उलटतो, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. म्हणून तर नवं फौजदारी कलम नको, शाळेची जबाबदारी हवी.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. आपल्याकडेही तशी मागणी होते. पण स्टिकर फिरतो तो मेसेजिंगवर, आणि बऱ्याच घरांत आईच्याच नंबरवर चालणाऱ्या फोनवरून. वयाची अट तिथे कोणाला अडवणार?

आणि मूळ मेसेज डिलीट झाला तरी ‘फेव्हरिट’मध्ये साठवलेला स्टिकर प्रत्येकाच्या फोनमध्ये तसाच राहतो. कंपनी तो बाहेरून काढत नाही, पोलीस चाळीस फोन तपासत नाहीत. नववी ब च्या वर्गशिक्षिका मात्र मधल्या सुट्टीनंतर एकेका मुलाशी दोन मिनिटं बोलून सांगू शकतात, की आज घरी गेल्यावर तो स्टिकर दाबून धरायचा आणि फेव्हरिटमधून काढून टाकायचा. उद्या पुन्हा विचारेन. दुसऱ्या दिवशी पहिला तास सुरू व्हायच्या आत त्या खरंच विचारतात का, यावर बरंच अवलंबून आहे.